पहिले तीन भाग मी पुसून टाकले

आमच्या पॉडकास्टच्या, म्हणजे मोबाइलवर ऐकायच्या कार्यक्रमाच्या, पहिल्या भागाची स्क्रिप्ट मी दोन रात्री जागून लिहिली होती. "आमची संस्था गेली अनेक वर्षे जुन्या फर्निचरच्या दुरुस्तीच्या क्षेत्रात दर्जेदार सेवा पुरवण्यास कटिबद्ध आहे," अशी सुरुवात. रेकॉर्डिंग झालं, भाच्याने ते कापून-जोडून दिलं आणि दुसऱ्या दिवशी कामाच्या जागी मी ते स्पीकरवर लावलं. समोर आमचे मिस्त्रीकाका एका खुर्चीच्या पाठीला पॉलिश पेपर मारत बसले होते. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. माझा आवाज चालू होता आणि त्यांचा हातही चालूच होता, खर्र खर्र, एकाच लयीत. सातव्या मिनिटाला कागदावर नसलेलं एक वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं होतं: खण अडकला की लोक तो जोर लावून ओढतात आणि पुढची फळीच हातात येते. तिथे काकांचा हात थांबला.

"ताई, हे बरोबर बोललात. पण ती फळी का निघते, ते नाही सांगितलंत."

बारा मिनिटांत तो हात तेवढा एकदाच थांबला. त्या संध्याकाळी मी तो भाग पुसला. पाठोपाठचे दोन तयार होते, तेही पुसले. भाचा हळहळला, कारण त्याचे दोन रविवार त्यात गेले होते. मला मात्र कुठून सुरुवात करायची ते तेव्हा पहिल्यांदा कळलं होतं.

आमच्या धंद्याची एक अडचण आहे. चांगलं केलेलं काम डोळ्यांना दिसत नाही. खुर्ची नीट दुरुस्त झाली की ती फक्त खुर्चीसारखी दिसते. आधीचा आणि नंतरचा फोटो टाकला तर चकाकी दिसते. सांध्यातला जुना सरस खरवडून काढण्यात गेलेला अर्धा दिवस दिसत नाही. त्यामुळे फोटो पाहून येणारे लोक चकाकीच मागायचे, आणि "एवढे दिवस कशाला लागतात?" हा प्रश्न ठरलेला. मला ते "कशाला" सांगायचं होतं. ते सांगायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ कुणी मोबाइलच्या पडद्याकडे बघत थांबत नाही, पण हात कामात असताना कान मोकळे असतात. पॉडकास्ट करायचा विचार असा सुचला. विचार ठीक होता, मी त्यात माहितीपत्रक वाचून दाखवत होते एवढंच चुकत होतं.

पुसून झाल्यावर पहिलं काम केलं ते वहीचं. तीन आठवडे येणारा प्रत्येक फोन आणि दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न मी जसाच्या तसा लिहिला, त्यांच्याच शब्दांत. "टेबल डुगडुगतं, पाय बदलावा लागेल का?" "पाण्याचा पांढरा डाग पडलाय, जातो का?" "हवा दमट झाली की खण बाहेरच येत नाही." "फेविकॉल लावला होता, परत निघालं." तीन आठवड्यांनी पाहिलं तर वेगवेगळे प्रश्न फार नव्हतेच, दहा-बारा प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते. तेच पुढचे दहा-बारा भाग झाले. शीर्षकंही वहीतूनच घेतली. आधी माझ्या यादीत "लाकडी फर्निचरची निगा : भाग १" असं होतं. त्याच्या जागी "खण का अडकतो?" आलं. ज्याचा खण अडकलाय तो हे शीर्षक बघून थांबतो. निगेबद्दल ऐकायला कुणाला घाई नसते.

मग स्क्रिप्ट. मला यावर जरा सविस्तर लिहायचंय, कारण माइक कुठला घ्यावा हे सगळे विचारतात आणि स्क्रिप्टबद्दल कुणीच विचारत नाही.

आपण शाळेपासून जी मराठी लिहायला शिकलो ती डोळ्यांसाठी आहे. "करण्यात येते", "आवश्यक असते", "सदर", "त्याचप्रमाणे". हे कागदावर खपतं. कानात गेलं की ऐकणाऱ्याला बातम्या लागल्यासारखं वाटतं आणि तो आपल्या विचारात निघून जातो. मी "सांगितले", "केले", "असते" असं लिहायचे आणि वाचताना तसंच वाचायचे. आता लिहितानाच "सांगितलं", "केलं", "असतं" लिहिते, कारण डोळ्यासमोर जे असतं तेच तोंडातून बाहेर पडतं. एकदा "वर सांगितल्याप्रमाणे" वाचून गेले आणि भाच्याने रेकॉर्डिंग थांबवून विचारलं, "आत्या, वर म्हणजे कुठे?" कानाला वर-खाली नसतं. वाचणारा दोन ओळी मागे जाऊ शकतो, ऐकणारा जात नाही. म्हणून "तो", "त्याला", "हे" अशी सर्वनामं मी निम्मी काढून टाकली आणि त्या जागी पुन्हा नाव घालायला लागले. "तो फुगला की तो त्याला घासतो" हे लिहिताना मला स्वच्छ समजत होतं. ऐकताना माझं मलाच कळेना. "खण फुगला की चौकटीला घासतो" असं केलं आणि प्रश्न मिटला.

माझा बोलण्याचा वेग मी घड्याळ लावून मोजला. न घाई करता मिनिटाला साधारण १२० शब्द. म्हणजे बारा मिनिटांच्या भागाला साडेचौदाशेच्या आसपास शब्द, आणि मध्ये आवाज किंवा शांतता ठेवायची तर त्याहून कमी. हा हिशोब हातात आला आणि स्क्रिप्ट आपोआप बारीक झाली. आता कागदाच्या मधोमध उभी रेघ मारते. डावीकडे काय ऐकू यायला हवं ते, उजवीकडे मी काय बोलणार ते. डावी बाजू बराच वेळ रिकामी राहिली की समजायचं, नुसती बडबड चालली आहे.

दुसरी गोष्ट, "मित्रांनो" आणि "श्रोते हो" काढून टाकलं. इयरफोन लावून ऐकणारा माणूस एकटा असतो. त्याच्याशी "तुम्ही" म्हणून बोलायचं, सभेशी बोलल्यासारखं नाही. मी लिहिताना समोर एक खरी व्यक्ती धरते. खणाच्या भागाच्या वेळी ज्या आजींनी फोनवर "बाळा, माझे महत्त्वाचे कागद आत अडकलेत" म्हणून सांगितलं होतं, त्या माझ्यासमोर होत्या. त्यांना "लाकडाचे आर्द्रताजन्य प्रसरण" सांगून काय उपयोग? त्यांना सांगितलं ते असं: लाकूड हवेतली ओल पितं आणि फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीला जवळजवळ फुगतच नाही, रुंदीला फुगतं. खणाच्या बाजूच्या फळ्या उंचीला वाढतात आणि वरच्या पट्टीला घासायला लागतात. अशा वेळी एकाच मुठीला धरून जोरात ओढलं की खण तिरपा होतो, बाजू आतच अडकून राहते आणि सगळा जोर पुढच्या फळीच्या सांध्यावर येतो. म्हणून ती फळी हातात येते. काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर, आणि पुसलेल्या भागात नेमकं तेच नव्हतं.

यापुढे काय सांगायचं यावर घरात वाद झाला. मला सांगायचं होतं की वरचा खण रिकामा करून काढा, आतून हात घालून अडकलेला खण मागून दोन्ही बाजूंनी सारखा ढकला, बाहेर आला की घासणाऱ्या कडांवर मेणबत्ती घासा. आणि दमट दिवसांत रंधा मारू नका, कारण हवा कोरडी झाली की तोच खण ढिला होतो. धाकटा भाऊ हिशोब बघतो. तो म्हणाला, "ताई, सगळं फुकट सांगितलंस तर लोक आपल्याकडे येतील कशाला?" त्याची काळजी खरी होती. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, फक्त एवढं कळत होतं की त्या आजींना मी फोनवर हे पैसे न घेताच सांगितलं असतं. जे एकीला सांगते ते सगळ्यांना का नको?

सांगितलं. नंतर जे फोन आले ते वेगळे होते. एका गृहस्थांनी सुरुवातच अशी केली: "मेणबत्ती घासून झाली, हवा कोरडी व्हायची वाटही पाहिली, तरी अडकतोय. बहुतेक तळाची फळी खाली झुकली आहे. तुम्ही बघाल का?" पूर्वी अशा फोनवर वीस मिनिटं जायची ती माझं म्हणणं पटवण्यात. आता समोरचा अर्धं निदान करूनच फोन करत होता, आणि वेळ का लागतो हे त्याला आधीच ठाऊक होतं. ज्यांचं काम मेणबत्तीवर भागलं, ते आले नाहीत. त्यांचं काम तसंही आमच्याकडे येण्याजोगं नव्हतं. भावाने त्यानंतर तो विषय काढला नाही, आणि पांढऱ्या डागाच्या भागासाठी दोन मुद्दे त्यानेच आणून दिले.

मग धंद्याचं नाव घ्यायचं कुठे? सुरुवातीला एकदा, मी कोण बोलतेय हे सांगताना. आणि एकदा शेवटाकडे, पण अगदी शेवटी नाही, कारण अगदी शेवटी बरेच जण आधीच बंद करून गेलेले असतात. घरी काय करता येईल ते सांगून झालं की जिथे घरचा उपाय संपतो तिथे आमचं नाव येतं: "इथून पुढे सांधा उघडावा लागतो. ते घरी करू नका. आमच्याकडे आणा किंवा जवळच्या जाणत्या सुताराकडे न्या." "किंवा" पासूनचा भाग काढायचा सल्ला मला मिळाला होता. मी तो ठेवला आहे. ऐकणारा लांबचा असेल तर तो आमच्याकडे येणार नाहीच, पण त्याला आपल्या भल्याचं सांगणारं माणूस म्हणून आम्ही लक्षात राहतो.

रेकॉर्डिंगसाठी आधी कामाची जागाच बरी वाटली होती, कारण वातावरण मिळेल. उंच छत आणि उघड्या भिंती, त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या मागे त्याची सावली ऐकू यायची. एकदा आवाजात घुमणं शिरलं की ते काढणं फार अवघड. पंख्याची घरघर बऱ्यापैकी काढता येते, घुमणं नाही. शेवटी घरातली कपड्यांच्या कपाटाची खोली पकडली. कपाटाची दारं उघडी, मागे दोरीवर रजई, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायला विसरू नये म्हणून भाचा गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. ही युक्ती ज्याने कुणी शोधली त्याचे आभार.

माइकबद्दल थोडक्यात. कंडेन्सर माइक जास्त संवेदनशील असतो, शांत आणि आवाज शोषणारी खोली असेल तर सुंदर. साध्या घरात तो शेजारचं भांडंही ऐकतो. आम्ही डायनॅमिक घेतला, समोरचा आवाज घेणारा आणि मागचा टाळणारा. तोंडापासून चार बोटं ते एक वीत अंतर. जवळ गेलं की आवाज जाड होतो, लांब गेलं की खोली ऐकू येते, म्हणून एकदा ठरवलेलं अंतर हलवायचं नाही. मराठीत आणखी एक भानगड आहे. आपल्याकडे ख, घ, ठ, थ, फ, भ अशी श्वास सोडणारी अक्षरं भरपूर. आमच्या विषयात तर "फळी", "फट", "भेग", "फुगणं" हेच शब्द. प्रत्येक "फ"ला माइकवर फुंकर बसायची. पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी माइकसमोरची जाळी) लावला, त्याने निम्मं काम झालं. उरलेलं काम माइक तोंडासमोरून जरा बाजूला, ओठांच्या कोपऱ्याकडे वळवल्यावर झालं. श्वास सरळ निघून जातो, आवाज तेवढा माइकमध्ये पडतो.

आवाजाची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो (शून्याच्या वर आवाज फाटतो, तिथून खाली मोजतात), म्हणजे मध्येच हसलं किंवा आवाज चढला तरी फाटत नाही. फाटलेला आवाज परत शिवता येत नाही. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये (आवाज न दाबता साठवणारी), मोनो म्हणजे एकाच वाहिनीत, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटला मिनिटाला साधारण ५ एमबी जागा लागते. एमपी३ अगदी शेवटी, प्रसिद्ध करतानाच. आणि बोलायला लागण्याआधी तीस सेकंद कुणीही काही न बोलता बसायचं. त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. कापलेल्या जागी नंतर तीच भरायची असते. अगदी कोरी शांतता भरली तर कानाला खड्ड्यात पाय गेल्यासारखं होतं.

मिस्त्रीकाकांच्या मुलाखतीने मला सगळ्यात जास्त शिकवलं. त्यांचे हात बोलतात, पण माइकसमोर त्यांना बसवलं आणि प्रश्नांचा कागद हातात दिला तर चाळीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस "हो", "बरोबर", "तसंच असतं" यापलीकडे जाईना. घाम पुसत होते. मी रेकॉर्डिंग थांबवलं, आत गेले आणि दुरुस्तीला आलेली एक सैल खुर्ची त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली. प्रश्न विचारलाच नाही. त्यांनी सवयीने खुर्ची उलटी केली, चारही सांध्यांवर बोटाच्या पेराने एकेकदा ठोकलं. पहिल्यावर टक. दुसऱ्यावर टक. तिसऱ्यावर आवाज बदलला, टप्प, आणि मागे बारीकशी खडखड. "हा बघा. हा खोटं बोलतोय," काका म्हणाले. "वरून बंद दिसतो, आत सुटलाय." भाच्याने मला न विचारताच रेकॉर्डिंग चालू केलं होतं.

पुढची पंचवीस मिनिटं ते थांबले नाहीत. जुन्या सांध्यांत प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस असतो, त्याला ऊब आणि ओल दिली की तो सुटतो, म्हणून जुनी खुर्ची न मोडता उघडता येते. त्यावर कुणी बाजारातला पांढरा गोंद ओतला की दोन्हीकडून अडचण: नवा गोंद जुन्या सरसाच्या थरावर नीट धरत नाही, आणि पुढच्या वेळी उघडायला गेलं तर लाकूड तुटतं. "आधी लाकूड उघडं करावं लागतं, ताई. गोंद लाकडाला धरतो, जुन्या गोंदाला नाही." वहीतल्या "फेविकॉल लावला होता, परत निघालं" या प्रश्नाचं उत्तर त्यांनी प्रश्न न ऐकताच दिलं. तो भाग आम्ही त्या चार ठोक्यांनी सुरू केला. आधी मी फक्त एवढं म्हणते: "चार सांधे ऐका. एक खोटं बोलतोय. कुठला?" मग ठोके. मग दोन सेकंद काहीच नाही.

ते ठोके मिळवायला मात्र नंतर वेगळी बैठक घ्यावी लागली. बोलण्यासाठी लावलेल्या माइकमध्ये चारही ठोके जवळपास सारखेच आले होते. माइक खुर्चीच्या बैठकीपासून वीतभर अंतरावर, सांध्याकडे तोंड करून लावला आणि खुर्ची जाड घोंगडीवर ठेवली, तेव्हा फरक उमटला. आवाज खरा असणं आणि खरा ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिथे समजलं.

एक मुलाखत हातची गेलीही. लाकूड वाळवण्याच्या कामातले एक जाणकार दूरच्या गावी होते, इंटरनेटवरून बोललो. दीड तास अप्रतिम बोलले. नंतर ऐकलं तर दर काही वाक्यांनी एखादा शब्द गिळलेला, आणि नेमके आकडे गेलेले. इंटरनेट-कॉलवर आवाज दाबून पाठवला जातो, आणि जोडणी डगमगली की मधले तुकडे गळतात. त्यांना पुन्हा तसदी द्यायची लाज वाटली, पण फोन केला. दुसऱ्यांदा त्यांनी आपल्या मोबाइलवर स्वतःचा आवाज वेगळा रेकॉर्ड केला, मी माझा. सुरुवातीला "एक, दोन, तीन" म्हणून दोघांनी एकदम टाळी वाजवली, म्हणजे नंतर दोन फाइली त्या टाळीच्या टोकावर जुळवता येतात. तेव्हापासून दूरची प्रत्येक मुलाखत अशीच.

एडिटिंग भाचा करतो, ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये. मोफत आहे आणि आमच्या गरजेला पुरतं. बारा मिनिटांच्या भागाला सुरुवातीला चार-पाच तास लागायचे. काकांच्या भागात त्याने प्रत्येक "म्हणजे", प्रत्येक "काय होतं ना" आणि प्रत्येक श्वास काढला. खूप मेहनत. ऐकलं तर काका नव्हतेच ते, दुसराच कुणीतरी घाईतला माणूस. अर्धे "म्हणजे" परत आणले. काकांचा "म्हणजे" हा विचार करायचा वेळ असतो आणि ऐकणाऱ्यालाही तो वेळ लागतो. आता आम्ही फक्त अडखळणं, चुकलेली वाक्यं आणि मूळ मुद्दा सोडून गेलेला भाग कापतो. खरखर कमी करणारं साधनही जपून. जास्त वापरलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

शेवटी आवाजाची सरासरी पातळी. पॉडकास्टसाठी स्टीरिओ (दोन वाहिन्यांची) फाइल उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणि मोनो उणे १९ च्या आसपास ठेवायची पद्धत आहे, आणि सर्वोच्च टोक उणे १ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. हे पाळलं नाही तर ऐकणाऱ्याला दर भागाला आवाज कमी-जास्त करावा लागतो. मग तोच भाग साध्या इयरफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि चालत्या गाडीत ऐकून बघतो. गाडीत काकांचा हलका आवाज बुडतो, हे तिथेच कळलं.

संगीतासाठी मला एक आवडतं गाणं हवं होतं, दहाच सेकंद. दहा सेकंद वापरलं तर चालतं, असं बरेच जण सांगतात. तसा सरसकट नियम नाही. हक्क ज्याचा त्याची परवानगी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची परवानगी आधीच दिलेलं संगीत शोधलं तर त्यातही बघावं लागतं: ज्या परवान्यात "एनसी" (नॉन-कमर्शिअल, म्हणजे बिगर-व्यावसायिक) आहे, तो व्यावसायिक वापराला चालत नाही, आणि धंद्याच्या प्रचाराचा पॉडकास्ट व्यावसायिकच. शेवटी आम्ही संगीत घेतलंच नाही. काकांनी सागाच्या फळीवर रंधा एकदा लांब ओढला, तो तीन सेकंदांचा सर्रर्र आमची ओळख झाला.

प्रसिद्ध करण्याचं काम मला सगळ्यात कठीण वाटलं होतं, ते सगळ्यात सोपं निघालं. "पॉडकास्ट" हा शब्द २००४ च्या सुरुवातीला एका वृत्तपत्रीय लेखात पहिल्यांदा दिसला, २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट घेतले, आणि आतली यंत्रणा आजही तीच आहे: आरएसएस फीड, म्हणजे नवा भाग आला की आपोआप बदलणारी इंटरनेटवरची भागांची यादी. फाइल एका होस्टिंग सेवेवर (फाइली इंटरनेटवर ठेवणारी सेवा) चढवायची, ती सेवा फीड बनवते, आणि ॲपल, स्पॉटिफाय वगैरे त्या फीडमधून भाग उचलतात. म्हणून फीडचा पत्ता आपल्या ताब्यात हवा आणि दुसरीकडे नेता यायला हवा. गूगलचं पॉडकास्ट ॲप २०२४ मध्ये बंद झालं; ज्यांचं फीड स्वतःचं होतं त्यांचे भाग बाकी ठिकाणी जसेच्या तसे राहिले. मुखचित्र चौरस, ३००० बाय ३००० पिक्सेल. पण ते मोबाइलवर नखाएवढं दिसतं, तेव्हा त्यावर तीन-चार शब्दांहून जास्त लिहू नये. प्रत्येक भागाचा लिखित मजकूरही देतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आणि शोधणाऱ्याला सापडावं म्हणूनही.

एक चूक मात्र बाहेर गेली. पॉलिशच्या भागात मी म्हटलं, जुन्या वस्तूवर लाखेचं पॉलिश असतं, स्पिरिटचा बोळा फिरवला की ते सुटतं. लाखेबद्दल हे खरं आहे. पण जुन्या वस्तूवर मधल्या काळात कुणी पॉलियुरेथेन (प्लास्टिकसारखा कडक थर देणारं पॉलिश) मारलेलं असू शकतं आणि त्याला स्पिरिट काही करत नाही. एका बाईंनी टेबलावर तासभर बोळा घासला आणि मग मला फोन केला. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. मी फाइल बदलली, पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्याकडे जुनीच राहते. म्हणून पुढच्या भागाची पहिली दोन मिनिटं त्या दुरुस्तीलाच दिली: आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक थेंब लावून बघा, चिकट झालं तर लाख, काहीच झालं नाही तर थांबा. तेव्हापासून प्रत्येक स्क्रिप्ट रेकॉर्डिंगआधी काकांना वाचून दाखवते. ते हातातलं काम सोडत नाहीत. हात कुठे थांबतो तिथे मी पेन्सिलीने खूण करते.

आकडे बघते, पण बेताने. डाउनलोड मोजायच्या प्रचलित पद्धतीत किमान एका मिनिटाचा आवाज उतरला की डाउनलोड धरतात. शेवटपर्यंत ऐकलं की नाही हे त्यात येत नाही. त्यापेक्षा लोक कुठे सोडून जातात तो आलेख उपयोगी. आमच्या सुरुवातीच्या भागांत पहिल्या मिनिटातच उतार होता, कारण मी पाऊण मिनिट स्वतःची ओळख सांगत बसायचे. ती दोन वाक्यांवर आणली आणि उतार बराच सौम्य झाला. बाकी खरा हिशोब भावाच्या वहीत आहे. प्रत्येक नव्या ग्राहकाला तो विचारतो, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" आणि उत्तर लिहितो.

आता दर पंधरा दिवसांनी एक भाग. आठवड्याला एक करून पाहिला होता, स्क्रिप्ट कच्ची राहायला लागली म्हणून सोडलं. पुढचा भाग फुगलेल्या प्लायवूडचा आहे. पाणी शिरून थर सुटले की फळीवर बोट वाजवलं तर पोकळ आवाज येतो, कोरड्या जागी भरीव येतो, आणि त्या फरकावरून किती भाग कापावा लागणार ते कळतं. खोलीत उभं राहून हा फरक मला स्पष्ट ऐकू येतो, माइकमध्ये अजून उतरत नाही. समोरून धरून पाहिला, कडेने धरून पाहिला. उद्या फळी दोन ओंडक्यांवर आडवी ठेवून माइक खालच्या बाजूने लावणार आहोत. वाजवणार काकाच, कारण माझ्या बोटाला तो ठोका जमत नाही.